फ्लेक्सवर न आलेली समिती

मोशी मागे टाकून इंद्रायणीचा पूल ओलांडला की पुणे-नाशिक रस्ता माणसाला वाचायला लावतो. हल्ली वाचन होत नाही अशी ज्यांची तक्रार आहे, त्यांनी जनरल शिफ्ट सुटायच्या वेळेला चिंबळी फाट्यावरून आळंदी फाट्याकडे निघावं. कुरुळी येईपर्यंत बराच मजकूर नजरेखालून जातो, आणि गाडी मध्येच ठप्प झाली तर काही मजकूर पाठही होतो. साहित्यप्रकार मात्र एकच, फ्लेक्स.

फ्लेक्सवर काय नसतं! वाढदिवस असतो, निवड असते, नियुक्ती असते, पुनर्नियुक्ती असते. गॉगल लावलेले दादा असतात, त्यांच्यामागे गॉगल लावलेले भाऊ असतात, आणि खाली दोन्ही अंगांना टिकलीएवढे शुभेच्छुक असतात. पहिल्या वाढदिवसाचं बाळही फेटा बांधून, ‘छोटे सरकार’ ही पदवी घेऊन चौकात उभं असतं. आमचा हा भाग बैलगाडा शर्यतींचा, त्यामुळे शर्यतीच्या घाटात पहिल्या नंबरात आलेल्या बैलाचाही फ्लेक्स लागतो. खरं सांगायचं तर सगळ्या रांगेत रुबाबदार तोच दिसतो. गॉगल न लावता.

गावातली प्रत्येक समिती कधी ना कधी या फ्लेक्सवर येऊन जाते. यात्रा कमिटी येते, देवस्थानाचे विश्वस्त येतात, दहीहंडी उत्सव समित्या तर दोन-दोन येतात, कारण उत्सवही दोन असतात. शाळा व्यवस्थापन समितीच्या नव्या अध्यक्षांचं अभिनंदन होतं. एकच समिती मी आजवर फ्लेक्सवर पाहिलेली नाही, आणि ती नसल्याबद्दल कुणी रुसल्याचंही ऐकलेलं नाही. ती म्हणजे ग्राम बाल संरक्षण समिती.

अशी समिती असते, हेच पुष्कळांना ठाऊक नसतं. २०१४ च्या शासन निर्णयाने ती महाराष्ट्रातल्या गावोगावी करायची ठरली. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव. शिवाय पोलीस पाटील, शाळेचे मुख्याध्यापक अशी गावातली जबाबदार माणसं, आणि त्यांच्या जोडीला गावातलीच दोन मुलं, सदस्य म्हणून. शाळा सुटलेलं पोर, हॉटेलात कपबशा विसळणारं पोर, आईबाप गेलेलं पोर, घाईघाईने बोहल्यावर उभी केली जाणारी पोरगी, आणि ज्याच्या अंगावर कुणी हात टाकला आहे पण ते बोलत नाही असं लेकरू, या सगळ्यांकडे गावाने आपणहून लक्ष ठेवायचं, ही त्यामागची कल्पना. वर तालुक्याची समिती, जिल्ह्याचा बाल संरक्षण कक्ष आणि बाल कल्याण समिती. या शेवटच्या समितीला दंडाधिकाऱ्यांचे अधिकार आहेत. कागदावर उतरंड अशी पक्की की एकही मडकं हलू नये.

आता हिच्या शेजारी तंटामुक्ती समिती ठेवून बघा. आर. आर. आबा गृहमंत्री असताना, १५ ऑगस्ट २००७ ला, महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. गावातले तंटे गावातच मिटावेत म्हणून प्रत्येक गावात समिती आली आणि तिला अध्यक्ष आला. हा अध्यक्ष कोण असावा यावरून महाराष्ट्रात जेवढे तंटे झाले, तेवढे बांधावरूनही झाले नसतील. ग्रामसभेत खुर्च्या उडाल्या, मतदान झालं, गुलाल उधळला, डीजे लागला आणि मग अध्यक्षमहाशय शांततेचं आवाहन करायला उभे राहिले. त्या पदाला मान होता, पारावर बसायला निमित्त होतं, चांगलं काम झालं तर गावाला बक्षीसही होतं. बाल संरक्षणाच्या समितीसाठी एकही खुर्ची उडाल्याचं मला माहीत नाही. जिच्यासाठी भांडण होत नाही अशी समिती गावात टिकते, पण कुणाला दिसत नाही. लग्नाच्या आहेरात आलेली स्टीलची भांडी नाव घालून माळ्यावर ठेवलेली असतात, तशी ती प्रोसिडिंग बुकात नाव घालून ठेवलेली असते.

याचा अनुभव मी घेतला आहे. गाव आमच्याच पट्ट्यातलं. नाव सांगत नाही, सांगितलं तर पुढच्या खेपेला तिथे चहा मिळायचा नाही. ग्रामपंचायतीच्या ऑफिसात जाऊन विचारलं, “तुमच्याकडे बाल संरक्षण समिती आहे का हो?”

टेबलामागच्या माणसाने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी समिती पळवायला आलोय.

“आहे ना. असणारच. कशाला?”

“सदस्य कोण कोण आहेत ते पाहायचं होतं.”

“ते भाऊसाहेबांकडं.”

भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. शासनाने त्यांचं पदनाम बदलून ‘ग्रामपंचायत अधिकारी’ केलं, पण गावाने त्यांना भाऊसाहेबच ठेवलं आहे. भाऊसाहेबांकडे एकापेक्षा जास्त गावं असतात, त्यामुळे ते ज्या गावात असतात तिथून नेहमी दुसऱ्या गावाला निघालेले असतात. सापडले तेव्हा माणूस चांगला निघाला. कपाट उघडलं, प्रोसिडिंग काढलं, पानं उलटली. समिती होती. नावं होती. सह्या होत्या. अध्यक्ष म्हणून ज्यांचं नाव होतं ते मागच्या टर्मचे सरपंच होते. दोन बालसदस्यांपैकी एकीचं लग्न झालं होतं (रीतसर वयात, हे मी मुद्दाम विचारून घेतलं), आणि दुसरा चाकणला कंपनीत हेल्पर म्हणून लागला होता.

“नावं बाहेर फलकावर लावली तर?” मी विचारलं.

“गोपनीय असतं ना ते,” भाऊसाहेब म्हणाले.

भाऊसाहेबांचं ते वाक्य मी फाट्यापर्यंत घोळवत आलो, कारण आमच्या गावांनी गुपितांची वाटणी नेमकी उलटी करून ठेवली आहे. जे भिंतीवर हवं ते कपाटात, आणि जे कपाटात हवं ते गावाच्या तोंडात. समितीत कोण आहे, बैठक कधी झाली, कुणाकडे जायचं, कुठला नंबर लावायचा, हे सगळं गोपनीय. पण एखाद्या लेकरावर प्रसंग ओढवला की त्याचं नाव, बापाचं नाव, खोली कुणाची, कितवी, आई कुठल्या कंपनीत आणि कुठल्या शिफ्टला, हे संध्याकाळपर्यंत केशकर्तनालयात उपलब्ध. कायदा याच्या बरोबर उलट सांगतो. १४ नोव्हेंबर २०१२ ला, बालदिनाचा मुहूर्त साधून, मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा लागू झाला. त्यात पीडित मुलाची ओळख उघड करायला मनाई आहे. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही तीच मनाई आहे, आणि तिथे मुलाच्या शाळेचं नावसुद्धा सांगायची सोय ठेवलेली नाही. समितीच्या सदस्यांची नावं दडवा असं मात्र कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नाही.

यात भाऊसाहेबांना तरी काय बोल लावायचा? आणि सेविकाताईंना तर मुळीच नाही. अंगणवाडी सेविका या समितीची सचिव, म्हणजे काम तिच्याच गळ्यात. पोरांची वजनं, आहार, लसीकरणाच्या याद्या, मोबाईलवरच्या नोंदी, वर जो कुणी अधिकारी नवा येईल त्याचा नवा सर्व्हे, हे सगळं करून उरलेल्या वेळात तिने गावातल्या मुलांचं रक्षण करायचं. या साऱ्याला पगार म्हणत नाहीत, मानधन म्हणतात. डिसेंबर २०२३ मध्ये हेच मानधन वाढावं म्हणून राज्यभरातल्या सेविका संपावर गेल्या होत्या. मान आणि धन यांतलं आधी कुठलं मिळतं, हे एकदा त्यांनाच विचारा.

खरी समिती बघायची असेल तर ती कुरुळीत खोल्यांच्या ओळीत बघावी. खोल्यांची ओळ ज्याने पाहिली नाही त्याच्यासाठी सांगतो. बजाजचा कारखाना चाकणला आला, मागोमाग महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज आल्या, आणि त्यांना नट-बोल्टपासून सीटकव्हरपर्यंत सगळं पुरवणारी असंख्य शेडं आली. ज्वारीच्या रानात शेड उभं राहिलं आणि उरलेल्या रानात शेतकऱ्याने खोल्या काढल्या. एका ओळीत आठ-दहा. वर पत्रा, पुढे सामाईक ओटा, टोकाला नळ, त्याच्यापुढे संडास आणि त्याच्यापुढे रांग. एका खोलीत लातूर, दुसरीत यवतमाळ, तिसरीत बिहार, चौथीत ओडिशा, आणि पाचवीत चार पोरं, शिफ्ट वेगवेगळ्या, गादी एकच, ती कधी गार होत नाही.

नवरा नाईटला, बायको फर्स्टला. सकाळी तिची बस येते आणि त्याची बस तेव्हा ट्रॅफिकमध्ये असते. या मधल्या वेळात खोलीत दोन लेकरं असतात. मोठी सात-आठ वर्षांची, धाकटं नुकतं चालायला लागलेलं. मोठीवर धाकट्याची जबाबदारी. मोठीची जबाबदारी कुणावर, याचं उत्तर ओट्याच्या टोकाला प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसलेलं असतं.

ती घरमालकाची आई. नऊवारी, डोक्यावर पदर, हातात तांदळाचं ताट. ताटातले खडे ती न बघता काढते, कारण बघायला इतर गोष्टी असतात. ओळीत शिरणारा कुणीही तिच्या दोन प्रश्नांशिवाय पुढे जात नाही. “कुणाकडं?” आणि “कशाला?” कुरिअरवाल्याला हे विचारते, गॅसवाल्याला विचारते, विम्याच्या एजंटाला विचारते, आणि एकदा मतदारयादीच्या कामाला आलेल्या गुरुजींना तिने इतकं विचारलं की शेवटी तिचीच माहिती भरायची राहिली. मराठी न कळणाऱ्यांसाठी तिच्याकडे हिंदी आहे. “ए पोरा, किधर को चाल्या? मम्मी डूटी से आयी का? डबा खाया क्या न्हाय?” हे हिंदी बिहारलाही कळतं आणि ओडिशालाही. कुठल्या खोलीत काल रात्री आवाज चढला, कुठल्या पोराच्या गालावर वळ आहे, कुठला मामा खरा मामा आणि कुठला नुसताच येणारा, हे तिला माहीत असतं. गालावरचा वळ पाहिला की ती बापाच्या शिफ्टची वाट बघते आणि तो आल्यावर सगळ्या ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, “काय रं, लेकराला कोन मारलं?” विचारायचं कसं याचं तिने कुठे प्रशिक्षण घेतलेलं नाही, पण चारचौघांत विचारल्याचा परिणाम काय होतो, हे तिला पक्कं ठाऊक आहे. चारचौघांत कधी विचारू नये हेही ठाऊक आहे. मागे एका पोरीला तिने हाताला धरून आत नेलं, दार लोटलं, आणि तासाभराने बाहेर आली ती थेट सेविकाताईंच्या घरी गेली. आत काय बोलणं झालं ते सुनेलासुद्धा सांगितलं नाही. सुनेला त्याचा अजून राग आहे.

तिच्या मुलाने ओळीला कॅमेरा बसवला आहे. आधुनिक माणूस. पण कॅमेऱ्याचं तोंड त्याच्या स्कॉर्पिओकडे आहे. ओटा त्यात येत नाही.

आता या गोष्टीत एक पेच आहे, आणि माझ्या मते आमच्या औद्योगिक पट्ट्याचा खरा पेच हाच. गावाचा कारभार उघडा करायची आपल्याकडची जागा म्हणजे ग्रामसभा. वर्षातून किमान चार भराव्यात असा कायदा. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्य दिन आणि गांधी जयंती या ठरलेल्या तारखा. त्याआधी महिलांची वेगळी सभा. गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतलं कमी असेल ते. न भरली तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. महाराष्ट्रातली ग्रामीण लोकशाही पुष्कळदा या तहकूब सभेवरच चालते, हे एक उघड गुपित. पण ते असू द्या. पेच वेगळाच आहे. ग्रामसभेचा सदस्य कोण, तर गावच्या मतदारयादीत ज्याचं नाव आहे तो. म्हणजे ओट्यावरच्या आजी सदस्य, स्कॉर्पिओवाला मुलगा सदस्य. आणि ज्यांची लेकरं दिवसभर खोलीत एकटी असतात ते लातूर, यवतमाळ, बिहार, ओडिशा, कुणीच नाही. त्यांची नावं गावाकडच्या यादीत. तिकडे मत आहे पण लेकरं नाहीत, इकडे लेकरं आहेत पण मत नाही. ज्या मुलांना समितीची सगळ्यात जास्त गरज, नेमक्या त्यांच्याच आईबापांना ती समिती कुठे आहे हे सभेत उठून विचारता येत नाही.

भाडेकरूची नोंद पोलिसांकडे करा, हे मात्र आम्हाला वारंवार सांगितलं जातं. करायलाच हवी. फक्त या नोंदीत भाडेकरू हा ज्याच्यापासून गावाला जपायचं असा माणूस म्हणून येतो. त्याच्याही घरात जपण्यासारखं कुणी आहे, हा रकाना फॉर्मवर मला कधी दिसला नाही.

लोकसहभाग आमच्याकडे नाही असं मात्र कुणी म्हणू नये. तो रात्री येतो. २०२४ च्या जून-जुलैत पुणे जिल्ह्याच्या बऱ्याच गावांवर रात्रीचे ड्रोन फिरायला लागले. कुणाचे, कशाला, काही कळेना. ड्रोनने घरं हेरतात आणि मग चोऱ्या करतात, अशी बोलवा. मग काय, गावंच्या गावं जागी. काठ्या, बॅटऱ्या, चहाची किटली. एरवी ग्रामसभेला तासभर न बसणारी मंडळी पहाटे चारपर्यंत आकाशाकडे बघत बसली. त्यात काही विमानं पाहिली गेली, काही तारे पाहिले गेले, आणि तरुण पोरांची खगोलशास्त्राची बरी तयारी झाली. याच काळात ग्रामसुरक्षा यंत्रणेचा उपयोग मात्र लोकांना नीट कळला. एका टोल फ्री नंबरावर एकाने बोललं की त्याचा आवाज गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या मोबाईलवर एकदम जातो. आग लागली, बिबट्या आला, मूल हरवलं, चोर आले, काहीही. दवंडीचा हा नवा अवतार मला मनापासून आवडतो, कारण यात बोलणाऱ्याचा नंबर कळतो. खोटं बोललं तर कोण बोललं ते लपत नाही.

व्हॉट्सअ‍ॅपवर लपतं. ‘हा मुलगा सापडला आहे, आईवडिलांपर्यंत पोहोचवा’ असा एक फोटो आमच्या ग्रुपवर इतकी वर्षं फिरतो आहे की तो मुलगा आता बारावीला असायला हवा. त्याला घरी नेऊन पोहोचवलं तरी फोटो काही घरी जायला तयार नाही. त्यापेक्षा आळंदीचं बरं. कार्तिकी एकादशीला किंवा पालखी निघायच्या दिवशी तिथे जाऊन उभे राहा. लाखो माणसं, आणि भोंग्यावर अखंड घोषणा: अमक्या गावच्या अमक्या आजी, तुमची माणसं तमक्या ठिकाणी वाट बघत आहेत. मूल सापडलं की घोषणा बंद होते. इंद्रायणीच्या घाटावर हे इतक्या वर्षांपासून चाललंय, आणि नदीच्या याच अंगाला असलेल्या आमच्या ग्रुपच्या अ‍ॅडमिनला मेसेज डिलीट करायला सुचत नाही.

इथवर हसण्यासारखं होतं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजारासाठी गाव जमलं होतं. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे मेसेज त्या दिवसांत सगळीकडे फिरत होते. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे पाच जण तिथे उतरले. जमावाने त्यांना पकडून ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेलं आणि ठार मारलं. मुलांच्या रक्षणासाठी जमलेलं गाव होतं ते. ज्या खोलीत बाल संरक्षण समितीची बैठक व्हायची, तशा खोलीत हे झालं.

आणि डिसेंबर २०२४ मध्ये आमच्याच तालुक्याच्या ठिकाणी, राजगुरुनगरला, दोन लहान बहिणींची हत्या झाली. पोलिसांनी ज्याला पकडलं तो झोळी घेऊन आलेला अनोळखी माणूस नव्हता, त्याच इमारतीत राहणारा होता. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे आकडे वर्षानुवर्षं हेच सांगत आले आहेत: मुलांवरच्या अत्याचारांत बहुतेक वेळा आरोपी ओळखीतला असतो. आम्ही काठ्या घेऊन वेशीवर उभे राहतो आणि आकाशात बघतो. आजी ओट्यावर बसून शेजारच्या दाराकडे बघते. दोघांत बरोबर दिशा कुणाची, हे सांगायला आकड्यांचीही गरज नव्हती.

बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये शाळेतला अत्याचाराचा प्रकार बाहेर आला, आणि आत कुणी ऐकून घेत नाही म्हटल्यावर माणसं रेल्वेच्या रुळांवर उतरली. त्यानंतर शासनाने शाळांना पुन्हा बजावलं: कॅमेरे लावा, तक्रारपेटी लावा, सखी सावित्री समिती नेमा. या सखी सावित्री समित्या २०२२ मध्येच करायला सांगितल्या होत्या. आमच्याकडे समिती दोनदा नेमली जाते. एकदा आदेश येतो तेव्हा आणि एकदा काहीतरी घडतं तेव्हा. मधल्या काळात तिची नावं कुणी वाचत नाही, कारण ती वाचायला कुठे लावलेलीच नसतात.

म्हणून माझं मागणं फार मोठं नाही. आणखी एक समिती नको, मोर्चा नको, ड्रोन तर नकोच. अंगणवाडीच्या, शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटने समितीच्या सदस्यांची नावं लिहा, मराठीत आणि हिंदीत. मागची बैठक कधी झाली ती तारीख लिहा, म्हणजे पुढची घ्यावी लागेल. खाली १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर लिहा. हा नंबर १९९६ मध्ये मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्थेच्या उपक्रमातून सुरू झाला. २०२३ पासून तो सरकारकडे आला आणि ११२ या आपत्कालीन नंबराला जोडला गेला. रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, आणि फोन करणाऱ्याला आपलं नाव सांगायची सक्ती नाही. शिवाय हेही लिहा की मुलावर अत्याचार झाल्याचं कळूनही न कळवणं हा पोक्सोखाली गुन्हा आहे, आणि चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला कायद्याचं संरक्षण आहे. ‘आपल्याला काय करायचंय’ हे वाक्य आमच्या पट्ट्यात फार चालतं. या एका बाबतीत ते कायद्याला मान्य नाही. खोल्या काढणाऱ्या मालकांनी हाच मजकूर ओट्याच्या भिंतीवर लिहावा. ‘भाडे महिन्याच्या पाच तारखेच्या आत द्यावे’ हे तिथे लिहिलेलं असतंच, त्याच्याखाली जागा असते.

आणि मुलाचं नाव मात्र कुठेही लिहू नका. ग्रुपवर नको, पारावर नको, निषेधाच्या फ्लेक्सवर तर अजिबात नको.

घाई एवढ्यासाठी की आमचा हा भाग महापालिकेत जाणार, का चाकणची नवी महापालिका होणार, याच्या चर्चा दर काही महिन्यांनी उठतात. जेव्हा व्हायचं तेव्हा होवो. रस्ते होतील, पाणी येईल, कर वाढतील. पण शहरात ग्रामसभा नसते. क्षेत्रसभेची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ मध्ये झाली, पण पिंपरीत किंवा पुण्यात राहणाऱ्या आपल्या पाहुण्यांना विचारा, तुमची क्षेत्रसभा शेवटची कधी भरली. ते आधी ‘ती काय असते’ असं विचारतील. तेव्हा सरपंचांसमोर उभं राहून, सगळ्या गावादेखत, ‘समितीत कोण आहे आणि बैठक कधी झाली’ असं विचारायची सोय अजून आहे तोवर विचारून घ्यावं. ज्यांचं नाव यादीत आहे त्यांनी, ज्यांचं नाही त्यांच्या लेकरांसाठीही. खोल्या तुमच्या आहेत, भाडं तुम्ही घेता, एवढा एक प्रश्न तुमच्याकडे लागू आहे.

फक्त एक करा. हा विषय आयत्या वेळच्या विषयांत काढू नका. आयत्या वेळचे विषय शेवटी येतात, तोवर चहा आलेला असतो आणि सभा उठायला लागलेली असते. आठवडाभर आधी लेखी अर्ज द्या, त्यावर तारीख घाला, आणि पोच घ्यायला विसरू नका.